झाकणावर लिहू नका

श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या सगळ्या डब्यांची झाकणं एकमेकांना बसतात. डबे करणाऱ्यांची त्यात सोय असेल, खिळे-स्क्रू ठेवणाऱ्याला मात्र तो रोजचा ताप आहे. झाकणावर 'पितळी स्क्रू, पाऊण इंच' असं लिहिलेलं असतं आणि आत लोखंडी चुका निघतात. घरातलं कोणीतरी एका वेळी दोन डबे उघडतं, हवं ते सापडत नाही, हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या डब्यावर दाबतं आणि निघून जातं. मग निस्तरत मी बसते. म्हणून सांगते, लिहायचं ते डब्याच्या अंगावर लिहा, आणि एक चिठ्ठी आतही टाका. झाकणावर लिहू नका. डबा पारदर्शक असेल तर फारच चांगलं, कारण मग विचारणाऱ्याला निदान डोळ्यांनी बघता येतं.

मी जुनी हत्यारं आणि जुनं लोखंडी-पितळी सामान जमवते, निवडते आणि जपते. आमचे अण्णा कारखान्यात फिटर होते. त्यांची पेटी माझ्याकडे आली. पुढे पेठेतला आमचा वाडा पडला, तेव्हा त्याच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, लोहारानं घडवलेले चौकोनी मोळे मी उचलून आणले. नंतर ओळखीपाळखीत कोणाचा वाडा पडायचा झाला की निरोप येऊ लागले. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथेही मी जाते. घरी येणारे या सगळ्याला अडगळ म्हणतात. पोटमाळ्यावर पोत्यात भरून ठेवलेल्या सामानाला अडगळ म्हटलेलं मला मान्य आहे. माझ्याकडे पोतं नाही. हवी ती वस्तू हवी त्या दिवशी तिच्या जोडीदारासकट हाताला लागली, तरच ती वाचली असं मी धरते. तोवर ती भंगारात जायची थांबलेली असते, एवढंच. ही निवडानिवड किती मोलाची आहे हे लोकांना समजत नाही, आणि न समजताच ते ती रोज मोडत असतात. माझी सगळी तक्रार एवढ्याचीच आहे.

सुरुवात दारापासूनच होते. जुनं दार उतरवायची एक रीत आहे, आणि ती आता जवळपास कोणी पाळत नाही. पहार चौकटीत घालायची आणि दार ओढून काढायचं, असं आता चालतं. त्यात बिजागरीचं एक पान दाराला राहतं, दुसरं चौकटीबरोबर ट्रकमध्ये जातं आणि मधली सळई मातीत पडते. जुन्या ओतीव पितळी बिजागऱ्यांची पानं जाड असतात. स्क्रूचं डोकं पानाशी सपाट बसावं म्हणून भोकाची कड खोलगट केलेली असते. एका दाराच्या बिजागऱ्या वर्षानुवर्षं एकत्र झिजलेल्या असतात. दाराची ओढ वरच्या बिजागरीवर येते, म्हणून तिची सळई जास्त खाल्लेली दिसते. हा संच एकत्र राहिला तर त्या बिजागऱ्या अजून कितीतरी वर्षं दार पेलतील. एकच पान हाती उरलं की त्याला मोडीचा भाव मिळतो, आणि ते वजनावर भट्टीत जातं.

बिजागरी नीट काढायला फार वेळ लागत नाही. स्क्रूच्या डोक्यावरची खाच ऑइलपेंटच्या थरांनी बुजलेली असते, कारण रंगाऱ्यांनी दर दिवाळीला बिजागरीसकट दार रंगवलेलं असतं. (रंगाऱ्यांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.) हॅक्सॉचं मोडकं पातं घेऊन ती खाच तळापर्यंत मोकळी करायची. मग खाचेच्या बरोबर रुंदीचा डिसमिस लावायचा, त्याच्या मुठीवर हातोडीचा एक नेमका ठोका द्यायचा, आणि सोडवण्याआधी स्क्रू किंचित आवळायचा. जुनी पकड सुटते आणि स्क्रू सरळ वर येतो. हे न करता अरुंद डिसमिस घालून जोर केला की खाचेच्या कडा चेपतात, आणि मग तो स्क्रू कोणालाच दाद देत नाही. मोळ्यांचंही तसंच. दारावरच्या मोठ्या डोक्याच्या मोळ्याचं टोक मागच्या बाजूला वळवून लाकडात दाबलेलं असतं. ते आधी मागून सरळ करायचं आणि टोकाकडून ठोकत मोळा बाहेर आणायचा. पुढून डोकं धरून उपटलं की फळी फुटते. एवढं सांगितलं तर पाडणारे म्हणतात, "ताई, आम्हाला आज संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करून द्यायचीय." ज्यांनी त्यांना संध्याकाळची मुदत दिली, त्यांच्यावर माझा राग आहे. घरमालकांनी त्या वाड्यात जन्म काढलेला असतो, आणि दारं उतरवायला त्यांना एक दिवस जास्त देता येत नाही.

समजा बिजागऱ्या वाचल्या, स्वच्छ झाल्या आणि नव्या घराच्या दाराला बसल्या. तरी काम संपत नाही. मिस्त्री येतात, मी जपून ठेवलेले पितळी स्क्रू बाजूला सारतात आणि खिशातून पिवळ्या मुलाम्याचे लोखंडी काढतात. "हे जास्त मजबूत." मजबूत असतात, पण ते पहिल्याच दिवशी. पितळेला लोखंड लागून राहिलं आणि त्यात पावसाळ्याची ओल आली की दोघांत लोखंडच आधी खाल्लं जातं. मुलामा गेला की भोकाभोवती तांबडे ओघळ येतात, आणि पुढे स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं, देह लाकडात राहतो. पितळी स्क्रू मऊ असतो, पिळताना तुटतो, ही मिस्त्रींची अडचण खरी आहे. तिच्यावर जुना उपाय आहे. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करायची, तो काढायचा, मग पितळी स्क्रूच्या आट्यांना साबण चोळून तो हातानं बसवायचा. जुन्या मिस्त्रींना हे सगळं येतं. पण मजुरी दारामागे मिळते, स्क्रूमागे मिळत नाही, म्हणून येत असूनही ते करत नाहीत. माझ्या दारांपुरती मी आता स्क्रूमागे वेगळे पैसे देते, आणि ते काम सुंदर होतं.

नटबोल्टांचं दुखणं वेगळं आहे आणि ते फार जुनं आहे. आपल्याकडचं जुनं लोखंडी सामान सुतात मोजलेलं आहे. आठ सुतांचा इंच होतो. जुनी लोखंडी कॉट, जुना पंखा, कडबा कापायचं यंत्र, यांचे बोल्ट दोन सुती, अडीच सुती, तीन सुती असतात, आणि त्यांचे आटे बहुतेक व्हिटवर्थचे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये 1841 साली आट्यांचं प्रमाण मांडलं. आट्याचा कोन 55 अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे, ते ठरलेलं. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, आणि पुढे हळूहळू बाजार मिलिमीटरवर आला. मेट्रिक आट्याचा कोन 60 अंशांचा असतो. दोन्ही प्रकारचे बोल्ट आज एकाच घरात, एकाच डब्यात, एकमेकांना खेटून पडलेले असतात.

आता अडीच सुती बोल्ट घ्या. त्याची जाडी 7.94 मिलिमीटर. शेजारी 8 मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट ठेवा. डोळ्याला फरक दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण अडीच सुतीला इंचात 18 आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत 1.41 मिलिमीटर, मेट्रिकमध्ये हेच अंतर 1.25. एकाचा नट दुसऱ्यावर चढवला तर पहिला वेढा सहज जातो, दुसरा थोडा कुरकुरत जातो, आणि मग नट अडतो. इथे थांबायला हवं. माणसं थांबत नाहीत. ती मोठा पाना आणतात. नट रेटून बसवतात, दोन्हीचे आटे जातात, आणि पुढच्या माणसाला वाटतं की जुना माल हलका होता. आपल्या आजोबांच्या कॉटचा बोल्ट स्वतःच्या हातानं नासवून वर त्यालाच नाव ठेवायचं, हे मला सहन होत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मी अडीच सुती व्हिटवर्थ नट मागते. काउंटरवरचा मुलगा आठ एमएमचा नट ठेवतो.

"काकू, तोच आहे."

"तो नाही."

"बसेल. मिस्त्रींना म्हणावं, थोडा जोर लावा."

बोल्ट माझ्या हातात असतो. नट मी तिथेच चढवून दाखवते, तो दुसऱ्या वेढ्याला अडतो. तरीही तो मुलगा माझ्या खांद्यामागे बघतो, बरोबर कोणी पुरुष माणूस आला आहे का ते. असं माझ्या बाबतीत अनेक दुकानांत झालं आहे. मला सूत कळतं, आटे कळतात, घरात दुरुस्ती मीच करते, हे एका वाक्यात पटवून देण्याची सोय बायकांना नाही. मग आतून म्हातारे शेठ येतात. ते बोल्ट हातात घेतात, अंगठ्याचं नख आट्यांवरून एकदा वरपासून खालपर्यंत फिरवतात, आणि काही न बोलता मागच्या फळीवरून एक चेपलेला पत्र्याचा डबा काढतात. त्यात माझा नट असतो. असे शेठ कमी होत चालले आहेत. त्यांच्यानंतर तो डबा आठ एमएमच्या डब्यात ओतला जाणार, हे मला दिसतं.

पान्यांचाही असाच घोळ आहे. मेट्रिक पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा. त्यामुळे नुसतं 'अर्धा' लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड प्रत्यक्षात साधारण 23.4 मिलिमीटर असतं. माझ्या भाच्यानं एका सुट्टीत सगळे पाने आकड्यांच्या चढत्या क्रमानं खिळ्यांवर टांगून ठेवले. फार मन लावून केलं होतं, म्हणून त्याला तोंडावर काही बोलता येईना. पण सगळे पाने उतरवून मला पुन्हा तोंडं मोजावी लागली. 23.4 च्या डोक्याला 24 चा पाना बसतो, पण ढिला बसतो, आणि दोन-तीनदा घसरला की बोल्टाचे कोपरे गोल होतात. कोपरे गोल झालेला बोल्ट सोडवताना जो वेळ जातो, त्यात दहा पाने मोजून होतात.

घरोघरी या सगळ्यावर उत्तर म्हणून तो एकच स्क्रू पाना ठेवलेला असतो. युहान पेटर युहानसन या स्वीडिश माणसानं त्याचं 1892 साली पेटंट घेतलं, आणि शोध म्हणून तो मोठाच आहे. पण त्याचा जबडा कामाच्या मध्ये ढिला पडतो, दर खेपेला आवळून घ्यावा लागतो, आणि तो आवळण्याचा धीर कोणाला नसतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या बोल्टांपैकी ज्यांची डोकी गोल झालेली असतात, ती बहुतेक याच पान्यानं झालेली असतात. शिवाय तो हातोडी म्हणूनही वापरतात.

बोल्ट ओळखण्यासाठी मी एक साधी गोष्ट केली आहे, ती कोणीही करावी. ज्यांचं माप नक्की माहीत आहे असे नट एका जाड दोरीत ओवले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, आणि ती दोरी टेबलाशेजारी टांगली. नवा आलेला प्रत्येक बोल्ट आधी त्या दोरीवरच्या नटांत फिरवून बघायचा. पाच-सहा वेढे बोटानं, न अडता आणि न डुगडुगता गेला तर त्याची जात ठरली, मगच तो डब्यात. कोणत्याच नटात नीट न जाणाऱ्यांसाठी वेगळा डबा आहे. त्यावर 'अजून ठरलेलं नाही' असं लिहिलं आहे, आणि येणारे-जाणारे त्याच डब्यात उरलेलंसुरलेलं सगळं टाकतात: रबरबँड, शिवणाच्या रिळाची टोपणं, बंद पडलेले सेल. सेल तरी टाकू नका. ते फुटतात, त्यातून पाझरतं, आणि शेजारचं लोखंड खाल्लं जातं.

कानशींबद्दल मी पूर्वीपासून बोलत आले आहे, अजून कोणी ऐकत नाही. कानशीचे दात फार कडक पोलादाचे असतात, म्हणूनच ठिसूळ. चार कानशी एका खणात एकमेकींवर टाकल्या की खण उघडता-मिटता त्या एकमेकींचे दात पाडतात. काम न करताच बोथट होतात. प्रत्येक कानस वेगळ्या फडक्यात गुंडाळायची किंवा मुठीकडून टांगायची, याला पैसा लागत नाही. कानशीला तेल लावायचं नाही. तेलानं तिची पकड जाते आणि कीस दातांत चिकटून बसतो. खडू चोळावा, म्हणजे कीस आत रुतत नाही आणि ब्रशनं सहज निघतो. पाहुणा येतो, हौसेनं हात फिरवतो आणि म्हणतो, "किती कोरड्या पडल्यात, तेल लावत जा." कोणी एकदा प्रेमानं गोडेतेल लावून ठेवलं होतं. गोडेतेल हवेनं चिकट होतं, त्यावर धूळ बसते, आणि ती काढायला रॉकेल लागतं, जे आता सहज मिळतही नाही. पटाशी, रंधा, पक्कड यांना तेल हवं, पण शिवणयंत्राचं, आणि तेही पुसून उरेल एवढंच. कानस पार झिजली तरी टाकू नका. लोहार तिची उत्तम सुरी करून देतो, कारण आतलं पोलाद अजून तितकंच चांगलं असतं.

उसनी गेलेली हत्यारं हा शेजारधर्माचा भाग आहे, मी नाही म्हणत नाही. पण पटाशीनं रंगाचा डबा उघडू नये. पटाशीची धार लाकडाच्या रेषा कापण्यासाठी लावलेली असते. पत्र्याच्या कडेला ती एकदा अडकवून उचकटली की मधोमध चंद्रकोरीसारखी कपची उडते. ती घालवायला पातं निसण्यावर इतकं घासावं लागतं की त्याचं निम्मं आयुष्य तिथेच संपतं. आणि ती परत येते ती धुऊन येते. शेजारच्यांचं भांडं घासूनपुसून परत द्यावं, ही आपली चांगली सवय आहे. हत्याराला ती लावू नका. ओली पटाशी संध्याकाळी माझ्या हातात दिली तर मी पुसून घेते, पण ती बहुतेकदा दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवलेली असते, आणि सकाळपर्यंत तिच्यावर तांबडी बुरशी आलेली असते.

याच कारणानं खंडेनवमीचा दिवस माझा थोडा काळजीत जातो. हत्यारांची पूजा व्हावी असं मला मनापासून वाटतं. ज्या वस्तूंनी घर चालवलं त्यांना वर्षातून एकदा हळदकुंकू लागलं पाहिजे. पण आपण काय करतो? हत्यारं धुतो, ओल्या पात्यावर हळदकुंकू लावतो, वर पाण्यात भिजवलेली झेंडूची फुलं ठेवतो, आणि दसऱ्याच्या गडबडीत ती तशीच पडू देतो. दोन दिवसांनी फूल उचललं की खाली फुलाच्या आकाराचा गंज निघतो. आमच्याकडे मी कुंकू मुठीला लावते, पात्याला नाही. पातं आधी तेलाच्या बोटानं पुसलेलं असतं. फुलं पेटीवर वाहते. यात पूजेला काही उणं पडतं असं मला वाटत नाही. पूजेला मांडायचं ते वापरातलं हत्यार मांडावं, हेही सांगते. पुष्कळ घरांत आता नवी ड्रिल मशीन पाटावर असते, आणि आजोबांचा रंधा, वाकस, सामता, गिरमिट ही पिढी खाली पोत्यात असते.

गंज काढण्याचं जे सध्या चाललं आहे ते पाहून तर वाईट वाटतं. जुनं हत्यार सापडलं की लोक ते ग्राइंडरला लावतात. ठिणग्या उडतात, पातं चांदीसारखं होतं, सगळे खूश. पण लोहारानं किंवा कारखान्यानं त्या पात्याला जे पाणी दिलेलं असतं ते पोलाद तापवून, ठरलेल्या रंगावर धरून दिलेलं असतं. रंध्याच्या पात्याला साधारण 230 अंशांचा फिका पिवळा रंग. ग्राइंडरवर कड निळी पडली म्हणजे ती 300 अंशांच्या आसपास गेली, तिथलं पाणी उतरलं. आता त्या पात्याला कितीही धार लावा, चार हात मारले की ती बसते. मग म्हणतात, जुन्या पोलादात दम नसतो.

अण्णांची पेटी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात, 12 जुलै 1961 ला, चिखलाखाली गेली होती. ती पुढे खणून काढली तेव्हा आतलं सगळं एकमेकांना चिकटून एक गोळा झाला होता, असं आई सांगायची. अण्णांनी तो गोळा रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, एकेक हत्यार सुटं होईपर्यंत थांबले, आणि मग तारेच्या ब्रशनं आणि निसण्यावर हातानं ते साफ केलं. पेटीतल्या रंध्याच्या पात्याच्या पाठीवर अजून गंजाचे खड्डे आहेत. ते त्यांनी तसेच ठेवले, कारण धार त्या बाजूनं होत नाही. ज्या सपाट बाजूला धार मिळते ती मात्र त्यांनी घासून घासून आरशासारखी केली होती. ते पातं आजही सागाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा काढतं. कोणत्या खड्ड्याला हात लावायचा आणि कोणता सोडायचा, हे जाणणं म्हणजे दुरुस्ती.

रंध्याला भोक पाडून तो हॉटेलच्या भिंतीवर टांगणाऱ्यांविषयी मी थोडक्यातच बोलते, कारण जास्त बोललं की आवाज चढतो. वस्तू दिसायला सुंदर आहे, लावावी. पण तिच्यात स्क्रू ठोकू नये. दोन खुंट्यांवर ठेवता येते. तुमचं हॉटेल बंद होईल, तेव्हा ती निदान कोणाच्या तरी हातात काम करील.

याहून मोठं नुकसान वाटण्यांत होतं. झोपाळ्याच्या पितळी कड्या, मोर-हत्तींच्या, चार सरींचा एक संच असतो. घराची वाटणी झाली की भाऊ त्या दोन-दोन वाटून घेतात. मी हे एकाहून जास्त घरांत बघितलं आहे. दोन कड्यांवर झोपाळा टांगता येत नाही. मग त्या दोन्ही घरांत दिवाणखान्यात शोभेला लटकतात, किंवा पुढची पिढी मोडीत घालते. एका भावानं चारही घ्याव्यात, दुसऱ्यानं पाट घ्यावा, तिसऱ्यानं दुसरं काही घ्यावं; पण संच फोडू नये. खलबत्ता, जातं, कुलूप आणि किल्ली, रंधा आणि त्याची पाचर, यांचंही हेच. माझ्याकडे लोक कुलुपं आणून देतात आणि किल्ल्या घरीच ठेवतात, 'आठवण म्हणून'. कुलूपही आठवणीचंच असतं ना? किल्ली हरवलेल्या कुलपाला किल्लीवाला दुसरी करून देतो, म्हणून ते मी ठेवते. कुलूप हरवलेली किल्ली मी आता घेत नाही.

घेत नाही अशा आणखी काही गोष्टी आहेत, कारण जपणं म्हणजे सगळंच कवटाळणं असा समज करून लोक माझ्या दारात पोती ओततात. तडा गेलेलं बीड नको. जबडा फाकलेला पाना नको. जुनी वायर, जुने स्विच नकोत. ते आग लावतात. झोपाळ्याचा आढ्यातला आकडा घासून पातळ झाला असेल तर तो कितीही जुना असो, त्यावर माणूस बसवू नका, नवा घाला. छन्नीचं डोकं ठोके खाऊन फुलतं आणि कडा उलटतात. त्या उलटलेल्या कडा घासून काढल्याशिवाय ती वापरू नका, ठिकरी उडते ती थेट डोळ्याकडे.

ज्यांच्या घरी यंदा पाडायचं ठरलं आहे, त्यांच्याकडे माझं मागणं छोटं आहे. पहार लागण्याआधी दारं आणि खिडक्या उतरवून घ्या. प्रत्येक बिजागरीचे स्क्रू तिच्याच भोकांत परत घाला, म्हणजे ते वेगळे शोधावे लागणार नाहीत. एका दाराचं सगळं सामान, बिजागऱ्या, कडी, कोयंडा, खिट्टी, एका पिशवीत भरा आणि पिशवीत चिठ्ठी टाका: माजघराचं दार, देवघराची खिडकी, जे असेल ते. वजनावर विकू नका. तुम्हाला नको असेल तर ज्याला हवं आहे त्याला द्या, पण पूर्ण द्या. आणि हे करायला घरात कोणाला वेळ नसेल तर आदल्या दिवशी मला निरोप पाठवा. डिसमिस, सुतळी आणि चिठ्ठ्या मी घेऊन येते.